कंबरेच्या उंचीचा झेल

निकाल त्र्यंबकराव शेवड्यांच्या बाजूने लागला तर त्यांच्या पदरात काय पडणार, हे मी आमच्या बाहेरच्या खोलीत पोह्यांच्या बश्या मांडता मांडता मोजून पाहिलं. एक शाल. एक नारळ. जिमखान्याच्या भिंतीवर, पाण्याचा माठ आणि सूचनाफलक यांच्या मधल्या जागेत एक तसबीर आणि तिच्याखाली ‘सर्वकाळातील श्रेष्ठ स्लिप क्षेत्ररक्षक’ अशी अक्षरं. आणि या सगळ्याहून मोलाचं म्हणजे, त्या जागेवर माझ्या वडिलांची तसबीर लागणार नाही हे सुख. गमावण्यासारखं मात्र त्यांच्याकडे बरंच होतं. एक सून. ती मी.

पंचाऐंशी सालचा मार्च होता. मिरजेतल्या आमच्या हितवर्धक जिमखान्याला पन्नास वर्षं होत होती, आणि कोणा रिकामटेकड्याच्या डोक्यातून ही बक्षिसाची कल्पना निघाली होती. फलंदाज श्रेष्ठ कोण, गोलंदाज कोण, यावर कोणी भांडलं नाही. धावा आणि बळी मोजता येतात. भांडण पेटलं ते स्लिपवर, कारण तिथे उमेदवार दोनच होते आणि त्या दोघांची मुलं एकमेकांशी लग्न करणार होती.

शेवडे मंडळी त्या दिवशी साखरपुड्याची तारीख ठरवायला आली होती. मी आणि मकरंद शेवडे, आमचं आम्ही वर्षभरापूर्वीच ठरवलं होतं, जिमखान्याच्या नेटमध्ये. मी पुण्यात विद्यापीठाकडून मध्यमगती गोलंदाजी करत असे. मिरजेत शाळेत गणित शिकवायला लागल्यावरही संध्याकाळी नेटमध्ये जायची. मकरंद क्लबाचा सलामीचा फलंदाज. मी त्याला ऑफस्टंपच्या बाहेर टाकायची, तो बॅट घालायचा, कड लागायची. ओळख अशीच वाढली.

सगळं सुरळीत चाललं होतं. शेवडेकाकूंनी पोह्यांना नावाजलं. आईने पंचांग काढलं. तेवढ्यात त्र्यंबकरावांची नजर कपाटातल्या काचेमागच्या लाल चेंडूवर गेली.

“हा कुठला?”

“चोपन्न सालचा,” माझे वडील म्हणाले. त्यांना आम्ही नाना म्हणतो. “कोल्हापूरविरुद्ध एका डावात चार झेल घेतले, त्या सामन्यातला.”

“मॅटवरचे?”

“तेव्हा खेळपट्टीवर काथ्याची मॅटच अंथरायचे. अर्थात मॅटवरचे.”

“हं,” त्र्यंबकराव म्हणाले.

त्या ‘हं’ने घात केला.

“हं म्हणजे काय, शेवडे?”

“काही नाही हो, टिळेकर. पोहे छान झालेत.”

“पोह्यांचं ‘हं’ वेगळं असतं. ते तुम्ही मघाशी केलंत.”

“राहू द्या ना आता.”

“नाही, नाही. बोला.”

त्र्यंबकरावांनी बशी खाली ठेवली. “मॅटवर चेंडू कसा, उसळून एका उंचीला येतो. छातीशी. झाडाखाली उभं राहून आंबा झेलावा, तसं. माझं आपलं मत.”

“आंबा!” नाना आईकडे वळले. “ऐकलंस? एकोणीस वर्षं मी आंबे झेलत होतो! आणि तुमच्या त्या टर्फवर काय? मऊ माती, मेलेला उसळा. कड लागून चेंडू तुमच्यापर्यंत यायचा तोवर माणूस दाढी करून मोकळा होईल. तुम्ही झेल घेतले नाहीत, शेवडे. वेचलेत. शेंगा वेचतात तसे.”

“अहो, तारखेचं बघा,” आई म्हणाली.

“तारीख? साठ सालचा दसरा! त्या दिवशी मॅट गुंडाळली आणि क्लब बुडाला.”

“त्या दिवशी मॅट गुंडाळली, आणि तुम्ही रिटायर झालात,” त्र्यंबकराव म्हणाले. “कारण टर्फवर वाकावं लागतं.”

मकरंद गुडघे जुळवून बसला होता, दातदुखीला आलेल्या पेशंटसारखा.

यातली खरी अडचण अशी, की हे दोघं एका संघातून एकदाही खेळले नव्हते. नानांनी साठ साली गुडघ्याचं कारण सांगून खेळणं सोडलं आणि पुढल्याच हंगामात त्याच पहिल्या स्लिपमध्ये त्र्यंबकराव येऊन उभे राहिले. तुलना करायला एकही सामना नव्हता, त्यामुळे वाद कधी संपण्याची भीतीही नव्हती.

“ठीक आहे,” त्र्यंबकराव उठत म्हणाले. “एकतीस तारखेला जिमखान्याचा निकाल आहे. तो लागू दे. मग सुपारी फोडू.”

“कबूल. पण जो हरेल त्याने दुसऱ्याच्या घरी यायचं, आणि चार माणसांसमोर ‘तुम्ही माझ्यापेक्षा श्रेष्ठ’ असं म्हणायचं. मग सुपारी.”

“कबूल!”

आई आणि शेवडेकाकूंनी एकमेकींकडे पाहिलं. दोघींनाही आपापला नवरा ठाऊक होता. नानांनी ते वाक्य उच्चारण्यापेक्षा मला जन्मभर माहेरी ठेवलं असतं, वर ‘गणिताच्या शिक्षिकेला कशाला हवं लग्न’ असंही म्हटलं असतं. त्र्यंबकरावांचंही तेच. निकाल कोणाच्याही बाजूने लागो, लग्न मोडणार ते नक्की होतं.

निकाल द्यायचा होता इसाकभाई मुजावर वकिलांनी. जिमखान्याच्या समितीने मोठ्या आदराने ते ओझं त्यांच्या गळ्यात टाकलं होतं. मॅट आणि टर्फ, दोन्ही काळांत यष्टीमागे उभा राहिलेला तो एकच माणूस. नानांच्या डाव्या हाताला तेच होते, त्र्यंबकरावांच्याही डाव्या हाताला तेच. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आणि मकरंद त्यांच्या घरी गेलो.

“बसा, बसा. निकाल सोडून काहीही विचारा,” ते म्हणाले. “तुझ्या वडिलांनी सकाळी अंजिरं पाठवली, यामिनी. याच्या वडिलांनी दुपारी चिक्कू. मी दोन्ही खाल्ली. निःपक्षपाती राहायचं, तर दुसरा मार्ग नाही.”

“काका, खरं सांगा ना. श्रेष्ठ कोण?” मकरंदने विचारलं.

“पोरा, तीस वर्षं दिवाणी कोर्टात वकिली केली. निकाल लागू न देण्यावर माझं घर चाललं. आता म्हातारपणी लावू?” ते हसले. मग दाराकडे बघून खुर्ची जरा पुढे ओढली. “एक गोष्ट सांगतो, पण ती इथेच राहू दे. मॅटवर चेंडू उंच यायचा, म्हणून तुझ्या वडिलांची, वामनची, बोटं कायम वर.” त्यांनी दोन्ही तळवे छातीसमोर धरून दाखवले, बोटं आकाशाकडे. “टर्फवर चेंडू बुटांशी यायचा. म्हणून त्र्यंबकची बोटं कायम खाली.” तळवे उलटे झाले, ओंजळ जमिनीकडे. “आपापल्या जागी दोघंही राजे. पण चेंडू मधल्या उंचीने आला ना, असा पोटाशी, कंबरेशी, की वामन बोटं खाली करायचा नाही आणि त्र्यंबक वर करायचा नाही. टप्कन सुटायचा. आणि मग दोघंही माझ्याकडे असं बघायचे, जणू मीच मध्ये आलो!”

“दोघंही?”

“दोघंही. एकही घेतलेला मला आठवत नाही.”

मकरंद पोट धरून हसला. मी हसले नाही. मला गणित सुटल्यासारखं वाटत होतं, फक्त उत्तर अजून कागदावर उतरायचं होतं.

“काका,” मी विचारलं, “एकतीस तारखेच्या जुन्या खेळाडूंच्या सामन्यात तुम्ही कीपिंग करणार?”

“गुडघे नको म्हणतात, पण करणार.”

“आणि स्लिपमध्ये?”

“दोघंही त्याच संघात आहेत. कोण कुठे उभा राहतो ते अल्ला जाणे.”

मला कुठे चेंडू टाकायचा, ते तेव्हा कळलं. मकरंदला मी त्यातलं काही सांगितलं नाही. फलंदाजाला गोलंदाज आपला बेत सांगत नसतो, मग ठरलेलं लग्न असो की झालेलं.

एकतीसला मैदानावर मांडव होता, सनई होती, चहाचं मोठं पातेलं होतं. सामना जुन्या खेळाडूंचा आताच्या संघाविरुद्ध. जुन्यांमध्ये धावू शकेल असा गोलंदाज उरला नव्हता, म्हणून नानांनी आधीच सचिवांना सांगून मला आत घेतलं होतं. “मुलगी माझी आहे, म्हणजे ती जुन्यांतलीच,” असा त्यांचा युक्तिवाद.

पहिल्या षटकालाच खेळ थांबला. नाना पहिल्या स्लिपमध्ये जाऊन उभे होते. त्र्यंबकरावही.

“शेवडे, सेकंड स्लिप तिकडे आहे.”

“माहिती आहे. जा की.”

“मी आयुष्यात सेकंड स्लिपला उभा राहिलेलो नाही.”

“आणि मी राहिलोय?”

“अहो, सरका कोणीतरी!” कर्णधार ओरडला. दोघंही एकेक इंच सरकले, एकमेकांच्या दिशेने.

“राहू दे, राहू दे,” इसाकभाई ग्लोव्हज चढवत म्हणाले. “दोघांत मिळून एक स्लिप समज. वयं बघितली तर हिशेब बरोबर आहे.”

तर ते तसेच उभे राहिले, खांद्याला खांदा लावून, तोंडं विरुद्ध दिशांना. एकाचे हात छातीशी, बोटं वर. दुसऱ्याचे गुडघ्यांशी, बोटं खाली.

आणि मकरंद त्या दिवशी असा खेळला, की विचारू नका. कव्हरमधून, पॉइंटवरून, समोरून. ऑफस्टंपच्या बाहेरचं काही टाकलं, की गुमान सोडून द्यायचा. वर्षभर मी ज्या चेंडूवर त्याची कड काढली, त्याच्याकडे तो ढुंकून बघेना. माझी पहिली चार षटकं कोरडी गेली. स्लिपमध्ये त्या दोघांकडे एक चेंडू आला नाही. पन्नास झाल्या, ऐंशी झाल्या, नव्वद झाल्या. मांडवात लोक उभे राहायला लागले. क्लबाकडून इतकी वर्षं खेळून मकरंदने शतक कधी केलं नव्हतं. चहाला दोन षटकं उरली तेव्हा तो सत्त्याण्णववर होता. चहानंतर निकाल.

मी कर्णधाराकडून चेंडू मागून घेतला. मकरंद माझ्या टोकाला उभा होता.

“यामी,” तो हळूच म्हणाला, “एक लेगला दे ना. जरा सोपा.”

“का?”

“का म्हणजे? आयुष्यातली पहिली सेंच्युरी आहे गं.”

“बघते.”

“आणि ऑफस्टंपच्या बाहेर नको.”

“सोडतोयस की आज.”

“सोडतोय, पण हात शिवशिवतात.”

हे त्याने मला सांगायला नको होतं. पण तो भोळा होता, आणि प्रेमातल्या माणसाला वाटतं, आपलं माणूस आपल्याच बाजूने टाकेल.

दुसऱ्या चेंडूवर समोरच्या फलंदाजाने एक धाव काढली आणि मकरंद माझ्यासमोर आला. चेंडू जुना झाला होता, खेळपट्टी उन्हाने जरा कडक. फार पुढे टाकला तर तो फटका मारेल. फार आखूड टाकला तर सोडून देईल. मधला टप्पा हवा होता. शिवाय वेग इतकाच, की साठीच्या बोटांना सोसावा. मी धावत आले आणि सोडला.

तो चेंडू मला आजही दिसतो. आत येतोय असं वाटायला लावून तो टप्प्यानंतर बाहेर निघाला, अगदी एका चेंडूच्या रुंदीएवढा. मकरंदचे डोळे लकाकले. त्याला वाटलं, हाच तो चौकार. बॅट गेली, कड लागली, आणि चेंडू निघाला सरळ त्या दोघांच्या मधोमध. पोटाच्या उंचीने.

“माझा!” नाना.

“माझा!” त्र्यंबकराव.

दोघंही झेपावले. नानांचे तळवे वरून आले, बोटं आकाशाकडे. त्र्यंबकरावांची ओंजळ खालून आली, बोटं जमिनीकडे. फट्‌ असा आवाज झाला. चार हात एकमेकांवर बसले आणि चेंडू दिसेनासा झाला. दोघांची पोटं एकमेकांवर आदळली, नानांची टोपी उडाली, पण हात हलले नाहीत.

“कुठाय?” कर्णधार ओरडला.

“आत आहे!” त्र्यंबकराव धापा टाकत म्हणाले. “पण माझ्याकडे नाही तो पुरता. निसटतोय!”

“माझ्याकडेही अर्धाच आहे,” नाना म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल इतका. “व्याही, सोडू नका!”

“नाही सोडत! तुम्ही दाबून धरा, व्याही!”

मांडवात आईने शेवडेकाकूंचा हात धरला आणि दोघी एकदम हसायला लागल्या.

इसाकभाई वाकून, चष्मा सावरत जवळ गेले. “हलू नका. पुरावा हलवू नका.” त्यांनी चारही हातांना प्रदक्षिणा घातली, बोटांच्या फटीतून आत पाहिलं. “चेंडू आहे. जमीन लागलेली नाही. आऊट!”

जिमखान्याच्या फोटोग्राफरने नेमका तेव्हा फोटो काढला. त्याच्या घाईत दोघांच्याही माना फोटोत कापल्या गेल्या.

आता खरी गंमत. गुण लिहिणारे जोगळेकर मास्तर मांडवातून ओरडले, “झेल कोणाचा लिहू? एकच नाव बसतं!”

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, झालं, पुन्हा पहिल्यापासून.

“यांचं लिहा,” नाना म्हणाले.

“छे, छे. टिळेकरांचं लिहा,” त्र्यंबकराव म्हणाले. “त्यांचा हात आधी लागला.”

“पण तळाला ओंजळ तुमची होती! तुम्ही नसता तर पडला असता.”

“आणि तुम्ही नसता तर उडाला असता.”

“हे बघा, आम्ही मुलीकडचे. मान तुमचा.”

“मान कसला, व्याही! आऊट माझाच मुलगा झालाय, सत्त्याण्णववर. झेल माझ्या नावावर लागला, तर ही मला घरात घेईल का? तुम्हीच घ्या पदरात, हात जोडतो.”

“हात सोडले तर जोडाल!” शेवडेकाकू मांडवातून ओरडल्या. तेव्हा कुठे दोघांच्या लक्षात आलं, की हात अजून तसेच आहेत.

निकाल इसाकभाईंनी चहापर्यंत लांबवला नाही. वकिलीत पहिल्यांदाच असं झालं असावं. “समितीच्या वतीने सांगतो,” ते खुर्चीवर उभे राहून म्हणाले. “या क्लबात कंबरेच्या उंचीचा झेल स्लिपमध्ये घेतलेला मी पन्नास वर्षांत आज पहिल्यांदा पाहिला. त्यालाही दोन माणसं आणि दोन काळ लागले. श्रेष्ठ स्लिप क्षेत्ररक्षक एकच आहे, त्याला चार हात आहेत. बाकीचं तुम्ही आपसांत वाटून घ्या.”

दोघं रागावले नाहीत. पोटाशी आलेले झेल आपण सोडायचो, हे आता मैदानभर झालं होतं. पण दोघांनाही ते पटलं होतं, आणि मुख्य म्हणजे दुसराही सोडायचा हे कळलं होतं. त्यासारखं समाधान नाही.

मकरंद या सगळ्या गोंधळात खेळपट्टीवरच उभा होता. बॅट काखेत, चेहरा पडलेला. तो आमच्याकडे यायला लागला, तशी मी मनात वाक्यं जुळवायला लागले. पण तो माझ्याकडे आला नाही. नानांच्या समोर थांबला, दोघा बापांकडे पाहिलं, मग त्यांच्या भोवती जमलेल्या सगळ्यांकडे. आणि म्हणाला, “मी मुद्दाम दिली कड.”

“काय?”

“मुद्दाम. तुमच्या दोघांच्या मध्ये. त्याशिवाय तुमचं जमलं नसतं, नाना.”

नानांनी मकरंदला मिठी मारली, त्याचं पॅड त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याला लागलं तरी सोडली नाही. “सत्त्याण्णववर!” ते मला म्हणाले. डोळ्यांत पाणी. “यामे, पोरगा सत्त्याण्णववर माझ्यासाठी आऊट झाला! असा जावई शोधून सापडला नसता.”

मकरंदने नानांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं होतं. त्या चेंडूचं मी सगळं सांगणार होते: टप्पा, वेग, आत येतोय असं भासवून बाहेर निघणं, बोटांची पकड. त्याच्या नजरेत चोरट्या पोरासारखं काहीतरी होतं आणि त्यामागे विनवणी. मी तोंड मिटलं. सुपारी तिथेच, चहाच्या टेबलावर फुटली. अडकित्ता कोणाकडे नव्हता, म्हणून इसाकभाईंनी ती एका स्टंपने फोडली.

आमच्या लग्नाला आता चाळीस वर्षं होत आली. नाना आणि त्र्यंबकराव मरेपर्यंत रोज संध्याकाळी एकत्र फिरायला जात आणि एकमेकांचे झेल परस्परांना ऐकवत. मान कापलेला तो चार हातांचा फोटो जिमखान्यात लागला. नवी पोरं विचारतात, हे कोण? जाणती माणसं सांगतात, स्लिप.

आता हिशेब. नानांनी भरली डाव्या करंगळीचं एक पेर. ते नंतर सरळ झालं नाही. त्र्यंबकरावांनी एक नख. मकरंदने तीन धावा भरल्या. त्यानंतर अकरा हंगाम खेळूनही त्याचं शतक झालं नाही, पण त्या तीन धावांवर त्याला जी प्रतिष्ठा मिळाली ती शतकाने मिळाली नसती. घरी कोणी नवा पाहुणा आला, सून आली, नातवाचे मित्र आले, की तो ही गोष्ट सांगतो. अजून, दर वेळी. मी स्वयंपाकघरातून ऐकते. “मग मी काय केलं,” तो म्हणतो, “बाहेर जाणारा साधा चेंडू होता. सोडता आला असता. पण मुद्दाम बॅट घातली.”

साधा चेंडू. तसा चेंडू मी त्याआधी कधी टाकला नव्हता, नंतरही मला टाकता आला नाही. तो एकच. आणि तो मी दर वेळी, चहाचा ट्रे हातात घेऊन, हसत त्याच्या नावावर करते. बाकी सगळ्यांनी त्या दिवशी एकदाच काय ते भरलं. माझे हप्ते अजून चालू आहेत.